शिनाण्यांना पाणी

पुण्यात आयटी आली ती कॉम्प्युटर घेऊन, असं लोक म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. कॉम्प्युटरच्या मागोमाग आज्या आल्या, आणि त्यांच्याविषयी पेपरात कुणी एक ओळ छापली नाही. जळगावच्या, नांदेडच्या, अकोल्याच्या, बार्शीकडच्या आज्या. मुलगा आणि सून सकाळी कंपनीच्या बसने गेले की या सेफ्टी डोअरच्या जाळीतून बाहेर बघायच्या. इस्त्रीवाला, कुरिअरवाला, गॅसवाला, ज्याची बेल वाजेल त्याला दार उघडायच्या. आणि संध्याकाळी नातवंडांना घेऊन सोसायटीच्या बाकावर येऊन बसायच्या. तिथे एकमेकींना विचारायचा प्रश्न ठरलेला होता. "मग, गावाला कधी?" उत्तरही ठरलेलं. "बघू म्हणतोय."

चंद्रभागाबाई त्या बाकावरच्या सगळ्यांत जुन्या. वैरागजवळच्या एका खेड्यातून एक पत्र्याची ट्रंक आणि काळ्या मसाल्याची बरणी घेऊन त्या कर्वेनगरात मुलाच्या फ्लॅटवर आल्या, तेव्हा नात मुक्ता जेमतेम तीन महिन्यांची होती. सून उत्कर्षा हिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. "आई, पाचसहा महिने ये फक्त," असं मुलगा म्हणाला होता. त्या पाचसहा महिन्यांत मुक्ता रांगली, चालायला लागली, बालवाडीत गेली, आणि आता जूनमध्ये पहिलीत जायची होती. बाईंचे गुडघे मात्र उलट्या दिशेने निघाले होते. पूर्वी त्या मुक्ताच्या मागे धावत. आता मुक्ता त्यांच्यासाठी लिफ्टचं दार धरून उभी राहायची.

मुलगा तेजस वाईट नव्हता, आणि तीच खरी अडचण होती. वाईट मुलाशी भांडता तरी येतं. हा आईच्या गुडघ्याला स्वतः मलम चोळायचा, आठवण ठेवून तिच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू आणायचा. गावाचा विषय काढला की मात्र त्याचा चेहरा खरोखरच पडायचा. "आई, तुला इथे काय कमी आहे? तिथे जाऊन काय करणार, पाणी भरणार? इथे नळ सोडला की पाणी. चोवीस तास." तेजसच्या लहानपणी आई टेकडीपलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर तीन भांडी रचून पाणी आणायची, आणि ते दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून कधीच हललं नव्हतं. त्याने फ्लॅट घेताना बिल्डरला पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. त्याच्या मते आईला द्यायचं सुख त्याने देऊन टाकलं होतं. यावर बाई काय बोलणार? नळ होता, पाणी होतं, लेकाचं म्हणणं खोटं नव्हतं.

तरी या वर्षी ठरलं होतं. मुक्ताची पहिलीची शाळा दिवसभराची, शाळेचंच पाळणाघर. तेव्हा जूनमध्ये आई गावाला जाणार. तेजसने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. बाईंनी लगेच जावेला, तुळजाबाईला, फोन लावला. दोघींची घरं एका भिंतीची. दोघी विधवा झाल्या तेव्हापासून संध्याकाळी एकाच ओट्यावर बसायच्या, शेंगा फोडायच्या आणि अख्ख्या गावाची हजेरी घ्यायच्या. "जूनमधी येती गं मी. कुलूप काढून जरा झाडून ठिव," बाई म्हणाल्या. तुळजाबाई म्हणाली, "तू आल्याबिगर मी झाडत नसते. दरसालचं हाय तुझं."

आणि संक्रांतीच्या सुमारास उत्कर्षाला दिवस गेल्याचं कळलं.

बाईंनी पेढे वाटले. बाकावरच्या सगळ्या आज्यांना वाटले. वर आल्या आणि आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या. आनंद झाला नव्हता असं नाही. पण थकलेल्या माणसाला आनंदसुद्धा उचलूनच न्यावा लागतो. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही रीत त्यांना कुणी सांगायला नको होती. बाळंतपणामागून तीन महिन्यांचं मूल, मग रांगणारं, मग चालणारं. जूनच्या कबुलीचं नाव कुणी काढलं नाही. तेजसने काढलं नाही, कारण त्याच्या लेखी तो विषय आपोआप मिटला होता. आणि बाईंनी काढलं नाही, कारण पोटुशा सुनेसमोर असं बोलणं म्हणजे दुष्टपणा, असं त्यांना वाटे.

उत्कर्षाचे दिवस जड गेले. मुक्ताच्या वेळी एवढं नव्हतं. चौथा लागला तरी पोटात काही ठरेना. भात बघितला की उमासा, फोडणी पडली की उमासा. कंपनीच्या बसमधून ती रुमाल तोंडाला लावूनच उतरायची. तिच्या टीमचं काहीतरी मोठं काम संपत आलं होतं, त्यामुळे रजा मागायची सोय नव्हती, शनिवारीही जावं लागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जे खावंसं वाटेल ते खा, नीट शिजवून खा." पण खावंसं वाटायला तर पाहिजे.

"काय खाऊ वाटतंय ते तरी सांग," बाई रोज विचारायच्या. "डोहाळं पुरवलं न्हाईत तर लेकराची लाळ गळती."

"काही नको, आई."

एका संध्याकाळी ती सोफ्यावर डोळे मिटून पडली होती, आणि तशीच पडल्यापडल्या म्हणाली, "शिनाणे खावेसे वाटतायत."

बाईंना वाटलं, काही औषधाचं नाव आहे. मग उत्कर्षाने समजावलं. शिनाणे म्हणजे समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या शिंपल्या, बोटाएवढ्या लांब, काळ्या-हिरव्या. तिचं माहेर देवगडच्या बाजूचं, खाडीच्या तोंडावरचं. ओहोटी लागली की तिची आई कोयता घेऊन खडकांवर जायची आणि टोपलीभर शिनाणे खरवडून आणायची. नुसते वाफवायचे, कांदा-खोबरं लावायचं. सांगता सांगता उत्कर्षा उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं बाईंनी पाहिलं.

"आईला बोलवू का गं तुझ्या?"

"कशी येईल? बाबांना एका जागेवरून हलता येत नाही. तिला त्यांना सोडून अंगणापलीकडे जाता येत नाही." एवढं बोलून ती पुन्हा आडवी झाली.

बाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मटण करावं तर त्यांनीच. जत्रेला त्यांच्या हातचा रस्सा खायला पाहुणे दुरून यायचे. पण मासा म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे यायचा तो तळ्यातला मरळ, तोही वर्षा-दोन वर्षांतून. शिंपल्या तर त्यांनी फक्त मुक्ताच्या चित्रांच्या पुस्तकात पाहिल्या होत्या. तरी दुसऱ्या दिवशी मुक्ताला शाळेत नेणाऱ्या रिक्षावाल्याला, शमशुद्दीनला, त्यांनी गाठलं. त्याचं घराणं आजोबांपासून गणेश पेठेतलं, मासळी बाजार त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

"शिनाणे? ते रोज नाही येत, मावशी," तो म्हणाला. "शनिवारी कोकणातनं गाडी येते, तिच्यात असले तर असतात. चला माझ्याबरोबर. पण साडी जरा वर खोचा. तिथं खाली सगळं पाणीच पाणी असतं."

शनिवारी मुलांना शाळेत सोडून शमशुद्दीन परत आला आणि बाईंना घेऊन गेला. बाजारात शिरताच बाईंनी पदर नाकाला लावला. बर्फाचं पाणी चपलांत शिरत होतं, सुऱ्यांचे आवाज येत होते, आणि प्रत्येक मासेवाली आपण एकटीच खरी बोलतोय अशा सुरात ओरडत होती. शमशुद्दीनने त्यांना थेट कोपऱ्यातल्या एका बाईकडे नेलं. तिच्यापुढे ओल्या गोणपाटाखाली काळ्याभोर शिंपल्यांचा ढीग होता. एकेकीच्या कडेने काथ्याच्या धाग्यांसारखा झुपका बाहेर आलेला.

"हे खायाचं असतं?" बाईंनी विचारलं.

"नाही, दागिने करून घालायचे असतात," मासेवाली म्हणाली. पुण्यात राहून तिला पुण्याची भाषा चांगली चढली होती. मग बाईंचा चेहरा बघून ती नरमली. "कुणासाठी नेताय, आजी?"

"सुनंला दिवस हायेत."

"मग निवडून देते." तिने एक शिंपली उचलून दुसरीवर टकटक आपटली. अर्धवट उघडलेली ती शिंपली हळूच मिटली. "बघा, जिवंत आहे. उघडी राहिली, मिटली नाही, की मेलेली. ती टाकून द्यायची, पोटुशीला तर मुळीच नाही द्यायची. आज करा. फार तर उद्या सकाळी. ओलं फडकं टाकून सावलीत ठेवा. पाण्यात घालू नका."

बाईंनी सगळं ऐकलं. मान हलवली. येताना मांडीवरच्या पिशवीतून अधूनमधून बारीक टक्‌ असा आवाज यायचा, आणि दर वेळी त्या दचकून पिशवी थोडी लांब धरायच्या. बाजारात उभं राहून त्यांच्या कमरेला कळ लागली होती. पण मनातून त्या बऱ्याच दिवसांनी खूश होत्या. संध्याकाळी सून येईल, ती सांगेल तसं करू, पोरगी चार घास खाईल.

घरी येऊन त्यांनी शिंपल्या गॅलरीत एका बादलीत ओतल्या, वर ओलं फडकं टाकलं. स्वयंपाक केला, मुक्ताला आणलं, जेवू घातलं, झोपवलं. दुपारी उत्कर्षा कंपनीतून लवकर आली ती भिंत धरतच. वाटेत बसमध्ये ओकारी झाली होती. "आई, आज नको. मला उभं राहवत नाही. उद्या सकाळी करू या," म्हणाली आणि खोलीत जाऊन झोपली.

शिमगा जवळ आला होता. चारच्या सुमाराला गॅलरीत ऊन तापलं. बाईंनी बादली सावलीला ओढली आणि फडकं वर करून आत पाहिलं. फडकं वाळून कडक झालं होतं. आणि शिंपल्या, एक ना दोन, बऱ्याचशा शिंपल्या तोंडं थोडी थोडी उघडून पडल्या होत्या.

त्या उघड्या तोंडांपुढून बाईंना हलवेना.

अशी तोंडं त्यांनी पाहिली होती. बहात्तरच्या दुष्काळात, लग्न होऊन त्या नुकत्याच सासरी आल्या होत्या तेव्हा, दावणीला बांधलेली जनावरं अशीच तोंडं वासून उभी असायची. कोंबड्या चोची उघडून सावलीत पडायच्या. त्यांच्या गाईने दारातच मान टाकली, तेव्हा घरात तांब्याभर पाणी होतं. पण ते सासऱ्यांसाठी राखलेलं. त्या तांब्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या होत्या. ती गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. पण तेव्हापासून त्यांच्या दारातून तहानलेलं कुणी तसंच गेलं नाही. माणूस असो, कुत्रं असो, दारात आलं की आधी पाणी, मग चौकशी.

मासेवालीचं बोलणं त्यांना आठवत होतं. पाण्यात घालू नका. पण पाण्याने कधी कुणाचं वाईट झालंय? शहरातली माणसं, असेल काहीतरी त्यांच्या धंद्याचं. उद्या मारायचंच आहे. पण मरणाऱ्याच्या तोंडातसुद्धा पाणी घालतात की.

त्यांनी नळाचं पाणी घेतलं नाही. स्वयंपाकघरातल्या फिल्टरखाली हंडा लावला. तेजस ज्या फिल्टरच्या पाण्याचं एवढं कौतुक करायचा, ते पाणी त्यांनी हंडा भरून बादलीत ओतलं. आणि काय नवल, बघता बघता शिंपल्यांनी तोंडं मिटली. एकेक करून सगळ्या घट्ट मिटल्या. बाईंना बरं वाटलं. पिऊन शांत झाल्या बिचाऱ्या, असं त्यांना वाटलं. त्यांनी फडकं पुन्हा भिजवून वर टाकलं आणि देवापुढे दिवा लावायला आत गेल्या.

रविवारी सकाळी गॅलरीचं दार उघडल्याबरोबर त्यांना वास आला. तो बाजारातला वास नव्हता. त्यांनी फडकं काढलं. पाणी गढुळलेलं, आणि शिंपल्या सताड उघड्या. आतलं पिवळट-तांबूस मांस दिसत होतं. त्यांनी एक उचलून दुसरीवर आपटली. मिटली नाही. दुसरी आपटली, तिसरी आपटली. मग त्यांनी आपटणं थांबवलं आणि गॅलरीतल्या चौरंगावर बसल्या. गुपचूप सगळं खाली नेऊन टाकावं आणि बाजारात मिळालेच नाहीत म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण पिशवी तर सुनेने काल पाहिली होती. आणि उठायचं बळही नव्हतं.

उत्कर्षा चहाचा कप घेऊन आली. तिने बादली पाहिली.

"आई! पाण्यात घातलेत?"

"तोंडं उघडून पडल्या हुत्या. तहानल्या हुत्या."

"अहो, गोडं पाणी चालत नाही त्यांना! मरतात ते! कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"सांगितलं हुतं," बाई म्हणाल्या.

उत्कर्षाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. आठ दिवस ती या एका घासावर जगत होती. तिने कप कठड्यावर आदळला, चहा सांडला. ती पुढे बोलणार होती, पण सासूकडे तिचं लक्ष गेलं आणि ती थांबली. बाई तिच्याकडे बघतही नव्हत्या. बादलीकडे बघत होत्या. हे बाईंचं बसणं तिला नवीन होतं. पाच वर्षांत तिने सासूला सकाळी या वेळी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"फिल्टरचं दिलं गं मी," बाई म्हणाल्या. "हंडाभर. चांगलं म्हणून दिलं. प्याल्या आन् गप झाल्या. मला वाटलं, निवल्या."

उत्कर्षा हळूच खाली बसली. "निवल्या नाहीत, आई. बंद करून घेतात स्वतःला. जमेल तेवढा वेळ धरून ठेवतात. मग सुटतं."

मग उत्कर्षाने नाकाला ओढणी बांधली, बादली कलती केली आणि निवडायला लागली. उघड्या सगळ्या कागदावर. मिटलेल्या दिसल्या की ती त्यांची दोन्ही कवचं अंगठ्याने सरकवून बघायची. सैल वाटली की तीही कागदावर. ढिगातल्या तळाच्या काही मात्र अजून घट्ट होत्या. हातात धरल्या तर जड लागत होत्या. "या आहेत," ती म्हणाली. "या टिकल्यात." एका वाडग्यापुरत्या निघाल्या.

"ऱ्हाऊ दे, पोरी. तुला काय झालं म्हंजी?"

"मला ओळखता येतात, आई. तेवढं एक येतं मला."

मग बाई उठल्या. सुनेने सांगितलं तसं त्यांनी सुरीच्या पाठीने शिंपल्या खरवडल्या, कडेचे धागे हिसडून काढले, आणि पाणी न घालता जाड पातेल्यात झाकून गॅसवर ठेवल्या. उत्कर्षा नाक धरून गॅलरीच्या दारात उभी राहून सूचना देत होती. थोड्या वेळाने झाकण काढलं तर शिंपल्या उघडल्या होत्या आणि पातेल्याच्या तळाशी त्यांचंच पाणी सुटलं होतं. बाईंनी बोट बुडवून चाखलं. खारट, लागट खारट. त्यांनी दोनदा चाखलं.

"ह्यांच्यात ह्यांचंच पानी असतंय व्हय," त्या म्हणाल्या.

एक-दोन शिंपल्या शिजूनही उघडल्या नव्हत्या. उत्कर्षाने त्या टाकायला लावल्या. ओलं खोबरं घरात नव्हतं. बाईंनी सुकं खोबरं भाजलं, कांदा भाजला, वाटलं, आणि बरणीतला काळा मसाला घातला. माहेरून आलेली आमसुलं उत्कर्षाने डब्यातून काढून दिली. देवगडची शिंपली आणि वैरागचा मसाला अशी सोयरीक आजवर कुणी जुळवली नसेल, पण लग्नं काय, याहून विजोड लागतात.

जेवायला चौघं बसली. तेजस सकाळपासून फोनवर अमेरिकेतल्या कुणाशी तरी बोलत खोलीत होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने वास घेऊन तोंड वाकडं केलं आणि आमटीच बरी म्हणाला. मुक्ताने रिकाम्या शिंपल्या धुऊन ताटाभोवती मांडल्या. उत्कर्षाने भाताचा लहान घास केला, वर एक शिनाणा ठेवला आणि डोळे मिटून तोंडात घातला. बाई जेवायच्या थांबल्या. घास उतरला. दुसराही उतरला. वाडगा संपेपर्यंत ती थांबली नाही.

"आईसारखं नाही झालं," शेवटी ती म्हणाली.

"कसं व्हईल? मी काय तुझी आई हाय?"

"पण राहिलं पोटात," उत्कर्षा म्हणाली आणि हसली. नाक पुसलं.

जेवण झालं की सगळ्यांत आधी उठणार त्या बाई. उष्टा हात वाळवत बसणाऱ्याच्या घरात लक्ष्मी थांबत नाही, असं त्या मुक्ताला रोज ऐकवायच्या. आज त्या उठल्या नाहीत. हात वाळत चालला तरी ताटावर बसून राहिल्या. तेजसच्या ते ध्यानात आलं.

"आई, काय गं? गुडघा दुखतोय?"

"मला गावाला जायचंय," बाई म्हणाल्या.

हे त्या पूर्वीही म्हणाल्या होत्या. पण दर वेळी विचारल्यासारखं. या वेळी विचारलं नव्हतं. तेजसने बायकोच्या पोटाकडे पाहिलं, मग आईकडे. त्याचा चेहरा नेहमीसारखा पडला. "आई, अगं आत्ता? आत्ता कसं... आणि खरं सांग, तुला इथे काय कमी आहे?"

बाईंनी ताटातली एक रिकामी शिंपली उचलली.

"काय बी कमी न्हाई. ह्यांनाबी काय कमी केलं न्हवतं मी. फिल्टरचं पाणी दिलं काल. हंडाभर. समद्या मेल्या."

तेजसला कळेना. त्याने बायकोकडे पाहिलं. उत्कर्षाला कळलं होतं. सकाळी गॅलरीत ती स्वतःच्या तोंडाने बोलून गेली होती: जमेल तेवढा वेळ धरून ठेवतात. तिची मान खाली गेली. पाच वर्षं ही बाई सकाळी पाचला उठून दोन डबे भरत होती, आणि आपण तिला रोज 'थँक यू, आई' म्हणत होतो. त्यावर आपलं भागत होतं.

"मी काय आज जात न्हाई," बाई म्हणाल्या. "बाळंतपण माझ्याकडं हाय, ते मी काढीन. सव्वा महिना अंगाला लावीन, शेक दीन, डिंकाचं लाडू करीन. त्यात कसूर न्हाई. मंग मला सोडा. दिवाळीचा दिवा मी माझ्या दारात लावनार." त्यांचा आवाज फुटला. त्यांनी तो सावरला नाही. "मी दमले रे, तेजस. तुझ्यावर राग न्हाई माझा. पर मी दमले."

हे शब्द त्यांच्या तोंडून याआधी कधी निघाले नव्हते. विहिरीवरून पाणी आणताना नाही, नवरा गेला तेव्हा नाही. तेजस ताटातल्या आमटीत बोट फिरवत राहिला.

"बघू," तो म्हणाला.

"बघू नाही," उत्कर्षा म्हणाली. "हो म्हण."

"अगं, पण मग बाळाला कोण..."

"पाळणाघर आहे, माझी रजा आहे, तुझीही आहे. नाहीतर मी काही दिवस घरी बसेन, नाहीतर तू बस. ते आपण दोघं ठरवू. मूल आपलं आहे. आईंनी त्यांचं वाढवून झालंय. हो म्हण, तेजस."

मुक्ताने शिंपली हातात धरून बाबांकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

"हो," तेजस म्हणाला. अगदी हळू म्हणाला, पण म्हणाला.

चंद्रभागाबाईंनी त्या 'हो'वर फारसा विश्वास ठेवला नाही. सुनेच्या तोंडाकडे बघून ठेवला. मग त्या गुडघ्यावर हात देऊन उठायला लागल्या, तशी उत्कर्षा म्हणाली, "बसा हो, आई. ताटं तेजस उचलेल." बाई पुन्हा बसल्या. हात पार वाळून गेला होता.